बैलांच्या राखेतला हॉडॅग

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेला, तळ्यांच्या आणि पाइनच्या मुलखात राइनलँडर नावाचं गाव आहे. वस्ती सुमारे ८ हजार. पेलिकन नदी विस्कॉन्सिन नदीला मिळते, त्या बेचक्यात ते वसलेलं आहे. गावच्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या अंगणात एक हिरवागार, अजस्र प्राणी उभा आहे. डोक्याला बैलाची शिंगं, तोंडात सुळे, आखूड पण दणकट पाय, पायांना वाकड्या नख्या आणि पाठीच्या कण्यावरून थेट शेपटीपर्यंत ओळीने उभे काटे. येणारी-जाणारी माणसं गाडी थांबवून पोराबाळांसह त्याच्या पायाशी फोटो काढून घेतात. शाळेचे संघ त्याच्या नावाने मैदानात उतरतात. १९७८ पासून दर जुलैमध्ये त्याच्याच नावाने कंट्री संगीताचा मोठा उत्सव भरतो. दुकानांच्या पाट्यांवर तो, टोप्यांवर तो, चहाच्या मगांवरही तोच. या प्राण्याचं नाव हॉडॅग. असा प्राणी जगात कधीच नव्हता, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, आणि तरी त्याच्यावर गावाचा जीव आहे.

लग्नानंतर मी त्या राज्यात गेले, तिथेच संसार केला, मुलं वाढवली. हॉडॅगची गोष्ट मला सांगितली ती आमच्या शेजारच्या आजींनी. त्यांचा जन्म पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा, आणि बालपण राइनलँडरजवळच्या एका दगडाळ शेतावर गेलेलं. आजोबा लाकूडतोड्यांच्या कॅम्पात बैल हाकायचे, वडील कागदगिरणीत, पुढे नवराही त्याच गिरणीत. माझी मुलं त्यांना आजीच म्हणत. डिसेंबरात दुपारी चार-साडेचारलाच अंधारून यायचं, बाहेर बर्फ, आणि आजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सफरचंदं सोलता सोलता आपल्या आईची आणि आजोबांची हकिगत सांगायच्या. सालीची लांबच लांब पट्टी न तुटता खाली उतरायची, आणि ती उतरेपर्यंत पोरं श्वास रोखून ऐकत राहायची.

त्यांच्या आईने हॉडॅग डोळ्यांनी पाहिला होता. साल १८९६, महिना सप्टेंबर. ओनायडा काउंटीची जत्रा भरली होती आणि आई तेव्हा आठेक वर्षांची. एका तंबूबाहेर माणसांची रांग लागलेली. दहा सेंट मोजले की आत सोडत. वडिलांचं बोट धरून ती आत गेली. आत जवळजवळ काळोखच होता. दोरीपलीकडे, पडद्याच्या आडोशाला काहीतरी काळंसर, काटेरी धूड. माणसं माना उंच करून बघू लागली, तोच ते धूड हललं आणि मागून घोगरी डरकाळी आली. मग काय, एकच पळापळ. पुढचे मागच्यांवर आणि मागचे दारावर. आईच्या पायातला एक बूट त्या गर्दीत गेला तो गेलाच. पण म्हातारपणापर्यंत तिच्या लक्षात राहिला तो बूटही नव्हे आणि ती डरकाळीही नव्हे. ती म्हणायची, त्या राक्षसाच्या अंगाला आमच्या गोठ्याचा वास येत होता. घरी परतताना तिने वडिलांना तसं सांगितलं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. कातडं बैलाचंच होतं."

आजींच्या तोंडून हे ऐकलं तेव्हापासून हॉडॅगची गोष्ट मला कधी नुसती गंमत वाटली नाही.

हा प्राणी गावात आणला यूजीन शेपर्ड नावाच्या गृहस्थाने. जन्म १८५४ चा. धंद्याने टिंबर क्रूझर. म्हणजे एखाद्या कंपनीने जंगलाचा तुकडा विकत घेण्याआधी त्यात पायी फिरायचं, उभी झाडं नजरेने जोखायची, त्यातून फळ्या किती निघतील याचा अंदाज बांधायचा आणि नकाशा करून द्यायचा. त्या भागातलं जंगल या माणसाइतकं बारकाईने पाहिलेली माणसं मोजकीच असतील. स्वभाव भारी खोडकर. रानातल्या शेवाळावर स्वस्तातलं अत्तर ओतून 'हे इथलं सुगंधी शेवाळ' म्हणून तो पाहुण्यांना दाखवी. १८९३ साली त्याने वर्तमानपत्रात बातमी दिली की जंगलात एक भयंकर श्वापद सापडलं, कुत्री आणि बंदुका त्याच्यापुढे चालेनात, शेवटी डायनामाइट लावावं लागलं. पुरावा म्हणून जळक्या अवशेषांचा फोटोही होता. तीन वर्षांनी त्याने दुसरी बातमी उठवली. या खेपेला हॉडॅग जिवंत पकडला होता. अस्वलांशी झुंजणारे गडी घेऊन गुहेचं तोंड दगडांनी बंद केलं, लांब काठीच्या टोकाला क्लोरोफॉर्मचा बोळा बांधून आत सारला आणि श्वापद बेशुद्ध झाल्यावर बाहेर ओढलं, अशी ती हकिगत. त्याचा आहारही जाहीर झाला होता. हॉडॅग म्हणे फक्त पांढरे बुलडॉग खातो, आणि तेही फक्त रविवारी.

जत्रेतल्या तंबूत होतं ते लाकडात कोरलेलं धड. त्यावर बैलाचं कातडं ताणून बसवलेलं, वर गुरांची शिंगं आणि काटे ठोकलेले. तारा ओढून ते हलवायचं काम शेपर्डची मुलं करत. जत्रा उठल्यावरही शेपर्डच्या घरी माणसं हॉडॅग बघायला येतच राहिली. राइनलँडरची माणसं सांगतात की बातमी पार वॉशिंग्टनपर्यंत गेली, स्मिथसोनियन संस्थेचे तज्ज्ञ तपासणीला येणार असं कळलं, तेव्हा कुठे शेपर्डने हे सगळं आपलंच रचलेलं असल्याची कबुली दिली. गाव त्याच्यावर रागावलं नाही. १९२३ मध्ये शेपर्ड गेला, आणि त्यानंतर हॉडॅग गावाचाच झाला. मूळ धूड पुढे आगीत जळून गेलं. गावच्या लाकूडतोडीच्या संग्रहालयात आज आहे ती त्याची प्रतिकृती.

छापील इतिहासात हॉडॅगची गोष्ट बहुधा शेपर्डपासून सुरू होते आणि शेपर्डपाशीच संपते. आजींच्या घरात मात्र ती त्याच्या आधीपासून चालत आली होती. त्यांचे आजोबा म्हणत, शेपर्डने हॉडॅगला कातडं चढवलं, पण हॉडॅग जन्मला तो आमच्या कॅम्पात.

तो कॅम्प समजल्याशिवाय ही गोष्ट समजायची नाही. उत्तर विस्कॉन्सिन ही मुळात ओजिब्वे लोकांची भूमी. १८३७ आणि १८४२ च्या तहांनी ती त्यांच्याकडून सरकारकडे गेली आणि पांढऱ्या पाइनची अफाट जंगलं कंपन्यांना खुली झाली. हे झाड सरळसोट वाढतं, लाकूड हलकं असल्यामुळे पाण्यावर तरंगतं, आणि करवतीला मऊ लागतं. शिकागो, मिलवॉकी आणि त्यापलीकडच्या गवताळ प्रदेशातली नवी नवी गावं याच लाकडातून उभी राहिली. १८८२ मध्ये रेल्वे पेलिकन नदीच्या काठी पोचली. रेल्वेच्या अध्यक्षांचं आडनाव राइनलँडर, तेच गावाला मिळालं. काठावर लाकूडगिरण्या उभ्या राहिल्या. १९०० च्या सुमाराला लाकूड कापण्यात विस्कॉन्सिन साऱ्या देशात पहिल्या क्रमांकावर होतं.

तोड चालायची हिवाळ्यात. जमीन गोठली की ओंडके ओढणं सोपं. पानगळीच्या सुमाराला पुरुष कॅम्पात जायचे ते वसंतात नद्या मोकळ्या होईपर्यंत परतायचे नाहीत. पहाटे अंधारात उठायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं. जेवताना बोलायला बंदी असे. स्वयंपाक्याचा नियमच तसा होता. शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया, खारवलेलं डुकराचं मांस आणि काळा चहा, हे सगळं मुकाट्याने पोटात ढकलायचं आणि उठायचं. बोलणं व्हायचं ते रात्री, झोपायच्या खोपटात. तिथे फळ्यांच्या दुमजली बिछान्यांसमोर अर्ध्या चिरलेल्या ओंडक्याचं लांब बाक असे. मधे शेगडी, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले ओले मोजे, आणि त्या बाकावर बसून म्हातारे गडी गोष्टी सांगत. नवा पोरगा कॅम्पात आला की त्याला सगळ्यात भयंकर गोष्ट ऐकवायची, ही रीत.

या गोष्टींत कितीतरी प्राणी होते. झाडाआड दडून नेमका पाठीमागेच राहणारा आणि माणसाला गडप करणारा एक. कुऱ्हाडींचे दांडे खाणारा एक कुत्रा. डोकं आपटून झाडं चिरफाळणारं एक मांजर. पेन्सिल्व्हेनियाच्या हेमलॉकच्या रानात तर स्क्वाँक नावाचा एक बिचारा होता. आपल्या कुरूप कातडीच्या दुःखाने तो सारखा रडायचा आणि पकडला की आसवांत विरघळून जायचा. विल्यम कॉक्स या मिनेसोटाच्या वनाधिकाऱ्याने १९१० साली असे अनेक प्राणी चित्रांसह एका पुस्तकात गोळा केले. पुढे बोर्हेससारख्या थोर लेखकानेही आपल्या काल्पनिक प्राण्यांच्या ग्रंथात त्यांतल्या काहींना जागा दिली.

आजी म्हणायच्या, "या प्रत्येक जनावरामागे एक माणूस गेलेला असतो." एखादा गडी संध्याकाळी परतला नाही, तर त्याला त्या दडून बसणाऱ्याने नेला. वरून सुटी फांदी कोसळून कुणी जागीच गेला, तर ते झाड आधीच त्या मांजराने चिरफाळलेलं होतं. वसंतात ओंडके नदीतून वाहून नेताना कुणी बुडाला, तर त्याला काठावरच पुरत आणि त्याचे खिळ्यांचे बूट जवळच्या झाडाला टांगत. कंपनीच्या वहीत त्याची एक ओळ व्हायची. बाकावर मात्र त्याची गोष्ट व्हायची, आणि गोष्टीमुळे पुढचा पोरगा मान वर करून झाड बघायला शिकायचा. ज्या कामात मरण रोजचंच होतं, तिथे भीतीला शिंगं आणि शेपूट लावून तिच्यावर हसणं ही त्या माणसांची जगण्याची सोय होती.

हॉडॅगची गोष्ट मात्र माणसाच्या मरणाची नव्हती. ती बैलांची होती.

सुरुवातीच्या कॅम्पांत झाड जिथे पडलं तिथून रस्त्यापर्यंत ओंडका ओढायचं काम बैलांचं. खोल बर्फात, दलदलीत, खुंटांच्या गर्दीत घोडा बिचकतो, बैल नेट लावून चालतो. बर्फाच्या गुळगुळीत रस्त्यांवर पाय घसरू नयेत म्हणून त्यांना नाल ठोकत. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे एका पायाला दोन, अशा एका बैलाला आठ पत्र्या. घोड्यासारखा तीन पायांवर तोल सांभाळून बैल उभा राहत नाही. म्हणून कॅम्पातल्या लोहाराकडे लाकडाचा एक भक्कम चौकटा असे. बैलाला त्यात उभं करायचं, पोटाखालून रुंद चामडी पट्टा घ्यायचा आणि रहाट फिरवून अख्खं जनावर जमिनीवरून उचलायचं. आजींचे आजोबा त्या वेळी बैलाच्या तोंडाशी उभे राहत. अधांतरी लोंबकळताना बैल धडपडत नाही, म्हणत, नुसता डोळे मोठे करून बघतो.

मी शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे पत्री मारताना बैलाला पाडतात, पाय बांधतात, आणि कुणीतरी घरचं माणूस त्याच्या डोक्याशी बसतं. त्याच बैलाच्या जू वाहून सोललेल्या खांद्याला पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी लावून शेकतात. वर्षभर मारलेले आसूड त्याने पुसले जातात असं नाही, पण निदान वर्षातला एक दिवस त्याची क्षमा मागण्यासाठी राखून ठेवलेला आहे. विस्कॉन्सिनच्या कॅम्पात असा दिवस नव्हता. होती फक्त पराणी, आसूड आणि शिव्या. बैल हाकणाऱ्यांची जीभ त्या मुलखात कुप्रसिद्ध होती. ओंडका अडला की शिवी, बैल दमून बसला की शिवी, बर्फ पडला तरी शिवी बैलालाच.

त्यातून ही गोष्ट निघाली. कॅम्पातला बैल मेला की त्याच्या आत्म्यावर आयुष्यभर खाल्लेल्या शिव्यांची पुटं चढलेली असतात. ती जाळून काढायची तर त्याचं शरीर सात वर्षं जळत ठेवावं लागतं. सात वर्षांनी आग विझते, राख निवते, आणि त्या राखेतून हॉडॅग उठतो. बैलाची शिंगं घेऊन, सगळा राग पाठीवर काट्यांसारखा उभा करून. ल्यूक कर्नी याने १९२८ साली कॅम्पांतल्या गोष्टींचं पुस्तक काढलं, त्यात हॉडॅगच्या जन्माची ही कथा छापली गेली. आजींना ती पुस्तकाची गरज न लागता ठाऊक होती. ती सांगताना त्यांचे आजोबा शेवटी एक वाक्य जोडायचे, तेही त्यांनी जपलं होतं: "मी ज्या बैलांना हाकलं, त्यांना सात वर्षं पुरणार नाहीत."

ज्या माणसांना जेवतानाही बोलायची मुभा नव्हती आणि रात्री मन मोकळं करायची रीत नव्हती, त्यांनी या गोष्टीतून आपला गुन्हा कबूल केला आहे, असं मला वाटतं. 'आम्ही मुक्या जनावरांना छळलं' हे वाक्य त्या बाकावर कुणालाही उच्चारता आलं नसतं. राखेतून उठणाऱ्या राक्षसाची गोष्ट मात्र सगळ्यांनी हसत हसत ऐकली, आणि बैल हाकणाऱ्याने ती ऐकताना मान खाली घातली. शेपर्डच्या खेळाची मोठी जाहिरात झाली, म्हणून तो इतिहासात नोंदला गेला. त्या कातड्याखाली ज्यांची गोष्ट होती ते बैल कुठेच नोंदले गेले नाहीत. आठ वर्षांच्या एका मुलीला त्यांचा वास आला, एवढीच काय ती त्यांची नोंद.

शेपर्डचा खेळ नेमका १८९३ ते १८९६ याच वर्षांत का घडला, यालाही कारण आहे. १८९३ साली देशभर मोठी मंदी आली, बँका बुडाल्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाइन संपत आला होता. झाडं जोखणं हाच ज्याचा धंदा, त्या शेपर्डला हे इतरांच्या आधी कळलं असणार. जंगल सरल्यावर गाव जगणार कशावर? माणसं इकडे यावीत, जमिनी घ्याव्यात, शेती करावी, निदान एकदा बघायला तरी यावीत, यासाठी तो आयुष्यभर धडपडला. हॉडॅग हा त्या धडपडीचाच भाग. गावाला जगवण्यासाठी त्याने गावाला एक गोष्ट दिली, आणि ती टिकली. याचं श्रेय मी त्याला मनापासून देते.

पण जंगल गेलंच. मागे उरले मैलोन् मैल खुंट, वाळलेल्या फांद्यांचे ढीग आणि त्यांना लागणाऱ्या आगी. अशा आगींचं सगळ्यात भीषण रूप विस्कॉन्सिनने आधीच पाहिलं होतं. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री पेश्टिगो गाव आणि भोवतालचा मुलूख जळाला, हजाराच्या वर माणसं गेली. अमेरिकेच्या इतिहासात एवढे बळी घेणारा दुसरा वणवा नाही. तोडलेल्या रानात शेती करायला आलेल्या कुटुंबांच्या हाती खुंट, दगड आणि जेमतेम चार महिन्यांचा उन्हाळा आला. आजींच्या वडिलांनी असंच एक शेत घेतलं होतं. त्या सांगायच्या, आमच्या शेतात दरवर्षी पहिलं पीक दगडांचंच. थंडीने जमीन फुगून खालचे दगड वर यायचे, आणि भावंडांनी वसंतभर ते वेचायचे. शेवटी कर थकल्यामुळे शेत गेलं आणि वडिलांनी गिरणी धरली.

१९३३ साली याच ओनायडा काउंटीने ग्रामीण जमिनीच्या वापराचे नियम केले. काही जमिनीत शेती करायचीच नाही, तिथे पुन्हा रान वाढू द्यायचं. अमेरिकेतला या तऱ्हेचा हा पहिला कायदा. त्याच वर्षी उत्तर विस्कॉन्सिनमध्ये शेक्वामेगॉन आणि निकोले ही राष्ट्रीय वनं जाहीर झाली. बेकार तरुणांच्या तुकड्यांनी तिथे रोपं लावली. आज राइनलँडरला जाताना दुतर्फा दिसतं ते दुसऱ्या पिढीचं रान. आजींचे धाकटे भाऊ त्या तुकड्यांत होते. ज्या आजोबांनी ओंडके ओढवले, त्यांच्या नातवांनी तिथेच रोपं लावली.

त्याच राज्यात वडीलधाऱ्यांची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हॉडॅगची गोष्ट पुरी होत नाही. राइनलँडरहून गाडीने दीड-दोन तासांवर, दक्षिणेकडे मेनॉमिनी लोकांचा प्रदेश आहे. १८५४ च्या तहानंतर त्यांच्याकडे उरला तो एवढाच तुकडा, सव्वादोन लाख एकरांहून थोडा अधिक. त्यांच्या ज्येष्ठांची शिकवण पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. उगवतीकडून मावळतीकडे तोडत जा, पण पिकलेलं, रोगट आणि पडलेलं झाडच घ्या. टोकाला पोचलात की मागे वळा. तोवर मागचं रान पुन्हा तयार झालेलं असेल. ओशकॉश या त्यांच्या नेत्याचं हे सांगणं, असं ते मानतात. मेनॉमिनींनीही झाडं तोडली, लाकूड विकलं. निओपिटला १९०८ पासून त्यांची स्वतःची गिरणी आहे. दीडशेहून अधिक वर्षं तोड करूनही त्यांच्या रानात आज उभं असलेलं लाकूड १८५४ च्या मानाने जास्त आहे. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत हा तुकडा भोवतालच्या शेतांमध्ये गडद हिरवा, कडा कापून ठेवल्यासारखा दिसतो.

एकाच राज्यात, एकाच झाडाभोवती, म्हाताऱ्यांनी नातवंडांना या दोन गोष्टी सांगितल्या. मेनॉमिनींची गोष्ट तोडीच्या आधीची, हात आवरायला सांगणारी. कॅम्पातली गोष्ट तोडीच्या नंतरची, झाल्या कर्माची रुखरुख लागलेली. पहिली ऐकली म्हणून रान राहिलं. दुसरी हसण्यावारी गेली म्हणून तिच्यातली रुखरुख कुणाला जाणवली नाही. हात आवरायला सांगणारा एक प्राणी ओजिब्वे लोकांच्या गोष्टींतही आहे. त्यांच्या मोठ्या तळ्यांत मिशिबिझिव नावाचा शिंगांचा, पाठीवर काटे असलेला पाण्यातला मोठा मार्जार राहतो. तांब्याचा तो राखणदार, वादळ उठवणारा. सुपीरियर सरोवराच्या काठी, ओंटारियोतल्या अगावा कड्यावर तांबड्या रंगात काढलेलं त्याचं चित्र आजही दिसतं. तळ्यावर जाताना त्याला तंबाखू अर्पण करायची आणि गरजेपुरतंच घ्यायचं, असा त्याचा धाक. मिशिबिझिव श्रद्धेतला आणि हॉडॅग गमतीतला, त्यांची गल्लत करू नये. पण त्या रानात, त्या पाण्याकाठी शतकानुशतकं राहिलेल्या माणसांच्या गोष्टींतला प्राणी माणसाला मर्यादा घालतो, आणि एका पिढीत रान संपवणाऱ्या माणसांच्या गोष्टीतला प्राणी त्यांच्या मागे लागतो, एवढा फरक कुणाच्याही ध्यानात यावा.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या आजोबांच्या बैलांची नावं त्यांना माहीत होती. एका जोडीची तर त्या दर वेळी सांगायच्या, पण ती नावं मी इथे लिहीत नाही. ती त्यांच्या घराची ठेव आहे आणि त्यांच्या नातवंडांपाशी ती सुखरूप आहे. मला सांगायचं आहे ते एवढंच की, म्हाताऱ्या माणसांच्या चमत्कारिक गोष्टींना थापा म्हणून बाजूला सारू नये. सरकारी कागदात पीक, कर आणि लाकडाचे आकडे मिळतात. कुणी कुणाला किती छळलं आणि त्याचं नंतर काय वाटलं, हे कागदात नसतं. ते राक्षस, भूत, श्वापद अशा रूपात आजी-आजोबांच्या तोंडी उरतं. ती गोष्ट खरी की खोटी हे विचारण्याआधी, ती कुणी कुणासाठी रचली हे विचारावं.

विस्कॉन्सिनमध्ये कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. मिलवॉकी-मॅडिसनहून उन्हाळ्यात उत्तरेच्या तळ्यांकडे जाताना त्यांची पोरं राइनलँडरला त्या हिरव्या पुतळ्यापाशी हटकून उतरतात. फोटो जरूर काढा. संग्रहालयात जाऊन जू, साखळ्या आणि जुनी हत्यारंही दाखवा, आणि मग पोरांना सांगा की हा हॉडॅग शेपर्ड नावाच्या एका हुशार माणसाने जत्रेत आणला, पण तो मुळात बैलांचा आहे. शक्य झालं तर परतताना मेनॉमिनींच्या रानातून गाडी घ्या. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगून होतात, आणि त्या एकत्रच सांगायला हव्यात.